चाकोरीतली शर्यत

काळ्या मातीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला चाकोरी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. आषाढ-श्रावणात पांदणीच्या चिखलातून बंड्या जातात, चाके खोल रुततात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊन पडले की त्याच चिखलाचे दगड होतात. मग मागून येणारी प्रत्येक बंडी त्या दोन रेघांतूनच जाते. गाडीवानाने कासरा सैल सोडून डुलकी काढली तरी बैल घर गाठतात, आणि मध्येच वळावे म्हटले तर चाक वळत नाही. आपल्या भाषेत चाकोरीबाहेर जाणाऱ्याचे कौतुक होते आणि चाकोरीतल्या माणसाची कीव केली जाते, त्यामागे हाच अनुभव असावा. मी मात्र गेली दोन वर्षे नवी चाकोरी पाडण्याच्या उद्योगात आहे, आणि तीही घराच्या पडवीत, लाकडी तक्त्यावर. आमच्या वर्गात या उद्योगाविषयी बऱ्याच दंतकथा पसरल्या असल्यामुळे खरा प्रकार काय तो एकदा लिहून टाकावा, म्हणून हा लेखप्रपंच.

इंग्रजीत या खेळाला 'स्लॉट कार रेसिंग' म्हणतात. एका तक्त्यावर वळणावळणाची अरुंद खाच कोरलेली असते. खाचेच्या दोन्ही काठांनी तांब्याची पट्टी चिकटवलेली असते आणि त्या दोन पट्ट्यांत बारा व्होल्टचा वीजप्रवाह सोडलेला असतो. वीतभर लांबीची मोटार या तक्त्यावर धावते. तिच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक जीभ लोंबत असते, ती खाचेत उतरते. जिभेच्या दोन अंगांना तांब्याच्या जाळीच्या झिपऱ्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत जाऊन वीज उचलतात आणि आतल्या चिमुकल्या मोटरीला पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात एक खटका असतो. तो जितका दाबावा तितकी वीज अधिक, तितका वेग अधिक. शेजारी शेजारी अशा दोन, चार किंवा आठ खाचा कोरल्या की शर्यतीचे मैदान तयार झाले.

यावर पहिला प्रश्न सर्वजण विचारतात तो असा की, गाडी खाच सोडून कुठे जाणारच नाही, तर खेळणाऱ्याचे कसब ते कोणते? स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात आमच्या एका प्राध्यापकांनी हाच प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता खटका हातात घेऊन पूर्ण दाबला. गाडी सरळ रस्त्यावरून सुसाट निघाली, पहिल्याच वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, जीभ खाचेतून निसटली आणि गाडी तक्त्यावरून उडून शेजारच्या हस्तकलेच्या टेबलाखाली गेली. सरांना उत्तर मिळाले. चाकोरी दिशा देते, वेग देत नाही. वळण किती वेगाने सोसेल, खटका कुठे सोडायचा आणि कुठे पुन्हा धरायचा, हे बोटालाच कळावे लागते. दर फेरीला तेच वळण तसेच येते, आणि तरीही माणूस दर दहा फेऱ्यांत एकदा तिथेच चुकतो.

माझे वडील सुतार. त्यांचे वडील बंड्या करीत. बाभळीच्या लाकडाचे तुंबे, आरे, त्यावर तापवून बसवलेली लोखंडी धाव, हे सर्व मी लहानपणी कोपऱ्यात पडलेले पाहिले आहे. केलेले पाहिले नाही. आधी रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आला, आणि आमच्या घरचे काम दारे-खिडक्या आणि स्वयंपाकघरातली कपाटे यांवर येऊन ठेपले. माझ्या मावसभावाने नागपुराहून दोन जुन्या गाड्या आणून दिल्या तेव्हा तक्ता कोण कोरणार हा प्रश्न मला पडलाच नाही. बाबांनी गाडी हातात घेऊन उलटी केली, जिभेला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "चाकानं चाकोरी पडते बावा, तू तं आंधी चाकोरी पाडून रायला अन् मंग गाडी आनून रायला!" पण दुसऱ्या दिवशी पेन्सिल कानाला लावून तेच आधी पडवीत उभे होते.

आम्ही आठ फूट बाय चार फुटांचे एमडीएफचे दोन तक्ते घेतले, बारा मिलिमीटर जाडीचे, आणि ते लांबीत एकाला एक जोडले. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेला तक्ता. त्याला रेषा नसते, गाठ नसते, त्यामुळे खाच कापताना कपचा उडत नाही आणि काठ धारदार निघतो. प्लायवूडमध्ये थर असतात. कोरणारे पाते आडव्या थरावर आले की काठाला फेसाटे निघतात आणि पुढे गाडीची जीभ त्यांत अडकते. एमडीएफचा दोष एकच, पण मोठा. त्याला पाणी सोसत नाही. हा दोष आम्ही ऐकून घेतला आणि विसरून गेलो.

खाच तीन मिलिमीटर रुंद आणि साधारण आठ मिलिमीटर खोल. उथळ झाली तर जीभ तळाला टेकते आणि गाडी खाचेवर तरंगते. फार खोल झाली तर तक्ताच कमकुवत होतो. दोन खाचांत साडेतीन इंचांचे अंतर ठेवले, म्हणजे वळणावर मागचा भाग झुलवीत जाणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला निदान चार इंच मोकळी जागा हवीच. गाडी वळताना तिची शेपटी खाचेच्या बाहेर रस्त्यावरून घासत जाते. तिथे तक्ता संपला तर चाक खाली उतरते आणि शर्यत संपते. सरळ भागासाठी पट्टी, आणि वळणासाठी एका टोकाला खिळा व दुसऱ्या टोकाला राउटर अशी फळीची कंपास बाबांनी केली. चाकाचा घेर आखायची त्यांच्या वडिलांची पद्धत हीच होती, असे ते म्हणाले.

आता एक गणित सांगतो. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये. सोळा फुटांच्या या तक्त्यावर आमच्या रस्त्याची एक फेरी सुमारे छत्तीस फुटांची होते. पण आतल्या खाचेची फेरी बाहेरच्या खाचेपेक्षा बावीस इंचांनी कमी भरते. मी म्हटले, रस्त्याला नागमोडी वळणे देऊन हा फरक मोडून काढू. चार रात्री कागद खराब केले. फरक बावीस इंच तो बावीसच. मग कळले की, हा फरक रस्त्याच्या आकारावर अवलंबून नाहीच. डाव्या वळणावर जे मिळते ते उजव्या वळणावर परत जाते, पण फेरी पूर्ण होताना गाडी एकूण एकदाच स्वतःभोवती फिरलेली असते, आणि त्या एका पूर्ण घेराचा हिशेब राहतोच. खाचांतले अंतर गुणिले दोन पाय, एवढाच तो हिशेब. साडेतीन इंचांना सुमारे सव्वासहाने गुणा, बावीस इंच येतात. रस्ता तक्त्याएवढा असो की तालुक्याएवढा, उत्तर तेच. चारशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या पट्टीतले धावपटू पुढे पुढे उभे असतात ते याच कारणाने. तिथे पट्टी रुंद, म्हणून फरक दर पट्टीला सात-साडेसात मीटर.

बावीस इंच ऐकायला थोडे वाटतात. वीस फेऱ्यांच्या शर्यतीत ते साडेछत्तीस फूट होतात, म्हणजे आतल्या गाडीला एक पूर्ण फेरी माफ! उपाय दोन. एक म्हणजे रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा करावा. मग एक घेर डावा, एक उजवा, आणि हिशेब शून्य. पण त्यासाठी एक रस्ता दुसऱ्यावरून पूल बांधून न्यावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे निम्म्या फेऱ्यांनंतर खाचांची अदलाबदल करावी. आम्ही दुसरा स्वीकारला. पुलाचे काम बाबांनी अंगावर घेतले असते, पण पडवीला उंची नव्हती.

खाच कोरून झाली की खरे काम सुरू होते, हे मला कोणी आधी सांगितले नाही. तक्त्याला घासकागद मारायचा, खाचेच्या आतल्या भिंतींना आणि तक्त्याच्या चारी कडांना सँडिंग सीलर पाजायचा. वरच्या अंगाला जितके रंगाचे हात तितकेच खालच्या अंगालाही द्यायचे, नाहीतर एक बाजू ओल पिते, दुसरी पीत नाही आणि तक्ता पापडासारखा वाकतो. वरचा रंग चकचकीत नको, आणि खरखरीतही नको. चकचकीत रंगावर रबरी चाक घसरते, खरखरीत रंग चाक खातो.

त्यानंतर तांब्याची पट्टी. ही सहा मिलिमीटर रुंद, कागदासारखी पातळ, पाठीला डिंक असलेली मिळते. सरळ भागावर ती आपोआप बसते. वळणावर आतल्या काठाला बारीक चुण्या पडतात. त्या चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने दाबत जायच्या. ओढून ताणून बसवलेली पट्टी त्या दिवशी सुंदर दिसते आणि वैशाखात उचलते. जिथे एक गुंडाळी संपून दुसरी लागते, तिथे मी एका पट्टीवर दुसरी दोन बोटे चढवून चिकटवली आणि काम झाले असे समजलो. गाडी पहिल्या जोडापर्यंत आली आणि मेली. तांबे तांब्यावर होते खरे, पण मध्ये डिंकाचा थर होता, आणि तो वीज वाहत नव्हता. विकणाऱ्याने तो वाहतो असे सांगितले होते. असो. सर्व जोड सोल्डरने पक्के केले. तापलेली सळई क्षणभरच टेकवायची. अधिक टेकली की खालचा रंग जळतो आणि पट्टी फुगते.

विजेचे काम मित्राच्या मदतीने केले. जुन्या, बाद झालेल्या संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा बारा व्होल्ट देतो, आणि भरपूर प्रवाह देतो. ही सोय आहे तसाच धोकाही आहे, कारण एखादी टाचणी दोन पट्ट्यांवर आडवी पडली तर तो डबा तीच तापवून लाल करील. म्हणून प्रत्येक खाचेला स्वतंत्र फ्यूज. एक गोष्ट अनुभवाने शिकलो. वीज एकाच ठिकाणी जोडली तर दूरच्या टोकाला गाडी मलूल होते. मीटर लावून पाहिले तर सुरुवातीला बारा व्होल्ट आणि पलीकडच्या वळणावर साडेनऊ! पातळ पट्टी आणि मधले दुबळे जोड मिळून अडीच व्होल्ट खात होते. शेताच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही त्यातलाच प्रकार. मग तक्त्याच्या खालून जाड तार फिरवून दर दहा फुटांवर ती पट्टीला जोडली, तेव्हा गाडीला सर्व वळणे सारखी वाटू लागली.

खटक्याची गंमत वेगळीच. त्यात तारेचे वेटोळे असते, साधारण पन्नास ओहमचे. खटका दाबत गेले की वाटेतली तार कमी होत जाते. पण वेग वाढवणे सोपे, थांबवणे अवघड. गाडीला ब्रेक लावणार कोण? उत्तर असे की, खटका पूर्ण सुटला की वीज तुटतेच, शिवाय त्या खाचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. मोटार अजून फिरतच असते, आणि फिरणारी मोटार म्हणजे जनित्र. ती वीज निर्माण करू लागते, ती वीज तिच्यातूनच फिरून तिच्या गतीला विरोध करते, आणि गाडी दबकते. खेळण्यातली एखादी मोटार हातात घेऊन तिचा दांडा बोटाने फिरवून पाहा. मग तिच्या दोन तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. दुसऱ्या वेळी जो जडपणा बोटाला लागतो तोच हा ब्रेक. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले हे पान मी अकरावीला न वाचताच उलटले होते.

हा खेळ फार जुना नाही. अमेरिकेत लायोनेल या आगगाडीची खेळणी करणाऱ्या कंपनीने १९१२ साली विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्या काढल्या होत्या, पण त्या रुळांना बांधलेल्या. आजचा खेळ घरोघर पोचवला तो इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांच्या कारखान्यात 'स्केलेक्स' नावाच्या किल्लीच्या पत्र्याच्या गाड्या होत असत. त्यांत विजेची मोटार बसवून, रबरी रस्त्यात खाचा ठेवून १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी 'स्केलेक्स्ट्रिक' मांडले. मागणी इतकी आली की ती पेलेना. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला धंदा लाइन्स ब्रदर्स या मोठ्या कंपनीला विकला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत या खेळाची अशी साथ आली की, गावोगाव आठ-आठ खाचांचे भाड्याचे रस्ते उघडले. दशक संपता संपता बहुतेक बंदही पडले. गाड्या इतक्या वेगवान आणि महाग झाल्या की नवख्या पोराला तिथे उभे राहण्यात मौज उरली नाही, असे मला वाटते. रस्ता तोच राहिला, गाड्याच तेवढ्या बदलत गेल्या, आणि अखेरीस रस्त्यांना गिऱ्हाईक नाही.

याच्या उलट एक उदाहरण मला फार आवडते. इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे १९०७ साली मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला रस्ता सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो शर्यतींच्या उपयोगाचा राहिला नाही. तुकडे तुकडे झाले, मध्ये इमारती आल्या. २००९ साली जेम्स मे या दूरदर्शनवरील गृहस्थाने शेकडो स्वयंसेवक गोळा करून त्या जुन्या रस्त्याच्या मार्गावरून, पावणेतीन मैल, खेळण्यातला रस्ता जोडत नेला. वाटेत पाणी होते, रहदारीचे रस्ते होते, त्यांवरूनही नेला. आणि त्यावरून बोटभर उंचीच्या गाड्या पूर्ण फेरी करून आल्या. मैलोगणती जोडांपैकी एकही सैल राहिला असता तर फेरी पुरी झाली नसती. इतर लोक त्या चित्रीकरणात गाड्या पाहत असतील. मी जोड पाहत होतो.

हा दोष मला बाबांकडून आला. आमच्याकडच्या शंकरपटांना ते लहानपणापासून जात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या बाजूने काय नि कायद्याच्या बाजूने काय, या वादावर आपल्या वक्तृत्व स्पर्धेत बरेच बोलून झाले आहे. बाबा पटाहून आले की कोणती जोडी जिंकली ते आई विचारी, आणि ते सांगत की उजव्या अंगाची जमीन नीट दाबली नव्हती, मध्ये ढेकूळ होते, त्यामुळे चांगली जोडी बिचकली. धावपट्टीतले गोटे वेचणे, ढेकळे फोडणे, जमीन दाबून सपाट करणे, हे काम पटाच्या आधी चालते आणि त्याकडे पाहायला गर्दी नसते. आमच्या तक्त्यालाही त्यांनी तोच नियम लावला. मी गाडी सुधारायला बसलो की ते म्हणत, "गाडी ठेव, जोड पाय." दोन तक्ते जिथे मिळतात तिथे खाचेची तोंडे समोरासमोर येण्यासाठी त्यांनी खुंट्या बसवल्या, आणि प्रत्येक तोंड येणाऱ्या जिभेसाठी किंचित रुंद केले, गव्हाणीच्या तोंडासारखे. त्या एका कामाला दोन दिवस लागले. मला तेव्हा तो वेळखाऊपणा वाटला.

पडवीत रस्ता धावू लागल्यावर आमच्या गल्लीतली पोरे संध्याकाळी जमू लागली. छत्तीस फुटांची फेरी पाच सेकंदांत पुरी करणारा एक सातवीतला मुलगा आहे. गाडी खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची, म्हणून वेगालाही बत्तीसने गुणले तर हा वेग ताशी अडीचशे किलोमीटर भरतो, असे मी त्याला सांगितले. त्या दिवसापासून तो चालतानाही वाकून चालतो. बाजारातल्या नव्या गाड्यांच्या पोटात चुंबक असतो. कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या रस्त्यांना पोलादी पट्ट्या असतात, त्यांना तो ओढून धरतो आणि गाडी वळणावर उडत नाही. तांब्याला चुंबक ओढत नाही. म्हणून आमच्या रस्त्यावर तशी गाडी आणली की मालक हिरमुसतो. माझ्या मते तांब्याचा रस्ताच बरा, त्यावर गाडी घसरते आणि घसरण सावरावी लागते.

आता स्नेहसंमेलनाची ती दुपार. तक्ते टेम्पोतून नेले, प्रदर्शनाच्या खोलीत मांडले, सकाळी उत्तम चालले. खोलीच्या दाराशी भव्य रांगोळी काढलेली होती. दुपारी वारा सुटला, पंखे सुरू झाले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तिच्यातून पडू लागले, आणि तासाभरात ती पांढरी पूड तांब्यावर बसली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिच्यातून वीज जात नाही. गाड्या अडखळू लागल्या, नंतर धक्का दिल्याशिवाय हलेनात. लोक म्हणाले, बॅटरी संपली असेल. मी फडके घेऊन पुसायला लागलो तर पूड पट्टीवरून खाचेत गेली. प्राचार्यांची फेरी आली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून दाढीच्या ब्रशाने खाच झाडत होतो. पारितोषिक अर्थातच हस्तकलेला गेले, आणि ते योग्यच होते.

तेव्हापासून नियम असा की, खेळाआधी कोरड्या ब्रशाने खाच झाडायची, ती पट्टीकडून खाचेकडे नव्हे, तर खाचेच्या लांबीत, आणि टोकाला साचलेली धूळ उचलून घ्यायची. मग तक्ता कोरड्या फडक्याने पुसायचा. कापसाच्या हंगामात हे दोनदा करावे लागते. जिनिंगच्या दिवसांत पांढरकवड्याच्या हवेत तंतू उडत असतात, ते खाचेत बसतात, आणि तिथून गाडीच्या आसाला असे गुंडाळतात की जणू तिनेच सूत कातले. आस चिमट्याने सोडवावा लागतो. रबरी चाकांना चिकटपट्टी लावून काढली की त्यांवरची धूळ निघून येते आणि पकड परत येते.

तांबे काळवंडते. घरात तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत होतात, म्हणून आमच्या आजीने एकदा प्रेमाने अर्धा रस्ता चिंचेने घासून ठेवला. दिसला देखणा. आठवड्याने त्यावर हिरवट डाग आले, कारण आंबट पाण्याचा अंश पट्टीच्या काठाखाली शिरून तिथेच राहिला, तो धुऊन काढायला तक्त्यावर पाणी ओतता येत नाही. पट्टी साफ करायला शाळेचे खोडरबर सर्वांत उत्तम. ते काळेपणा खरवडते, तांबे खात नाही. छत्तीस फुटांच्या दोन खाचा, प्रत्येकीला दोन पट्ट्या, म्हणजे एका वेळी एकशे चव्वेचाळीस फूट खोडायचे. परीक्षेच्या दिवसांत हे काम मला विशेष प्रिय वाटते.

आणि पावसाळा. पहिल्या वर्षी मी तक्ते प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळले, पाऊस लागू नये म्हणून. पाऊस लागला नाही; पण जमिनीची ओल आत अडकून बसली. ऑगस्टमध्ये सोडून पाहिले तर एका तक्त्याची कड पावासारखी फुगली होती आणि तेथील खाच इतकी मिटली होती की जीभ शिरेना. ज्या कोपऱ्यावर सीलरचा हात चुकला होता तोच कोपरा. बाबा काही बोलले नाहीत. करवतीचे जुने पाते घेऊन त्यांनी खाच इंच इंच मोकळी केली, पण फुगलेला भाग बसला नाही, आणि गाडी तिथे उसळी मारू लागली. दिवाळीनंतर तो तक्ता टाकून नवा कोरला. दुसऱ्यांदा कोरताना त्यांनी मला राउटर धरू दिला. वळणाची कंपास त्यांनी धरली. पहिल्या रस्त्यापेक्षा हा बरा झाला आहे, हे गल्लीतली सर्व पोरे सांगतील. आता पावसाळ्यात तक्ते उघडेच, पण जमिनीपासून दोन फूट वर, उभे, भिंतीला न टेकता ठेवतो, म्हणजे वारा दोन्ही अंगांनी लागतो आणि वाळवीला चढायला वाट राहत नाही. पट्टीवर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवतो. सुरू करण्याआधी ते तेल पूर्ण पुसून काढायचे, नाहीतर चाके घसरतात.

खर्च किती आला असे काही मित्रांनी विचारले आहे. तक्ते, रंग आणि तांबे यांचा हिशेब वहीत आहे, कोणालाही दाखवीन. बाबांच्या दिवसांचा हिशेब त्यात नाही. घरातल्या कामाची मजुरी लावायची नाही, असे त्यांनी सांगितले.

सध्या रस्ता चालू आहे. बाहेरच्या खाचेवर, तिसऱ्या वळणापुढे, डाव्या पट्टीचा एक जोड पुन्हा उचलला आहे. गाडी तिथे डोळा मिटावा इतका वेळ विझते आणि पुन्हा पेटते. सातवीतला तो मुलगा तेवढ्यापुरता खटका सोडत नाही, वेगावरच ती जागा ओलांडतो. येत्या रविवारी तो जोड काढून नव्याने सोल्डर करायचा आहे. सळई माझ्याकडे आहे. ज्यांना पाहायला यायचे असेल त्यांनी सकाळी यावे, दुपारी वीज असेलच असे नाही.